गारपीट आणि विहाराची वही

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, विषय काय? अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, विहाराच्या इतिहासावर बोला." विहाराचा इतिहास म्हटला की जागा कशी मिळाली, पायाभरणी कधी झाली, कोणी किती सिमेंट दिलं, हे आपण दरवर्षी ऐकतो आणि ऐकलंच पाहिजे. परंतु त्यात एक गोष्ट कधी येत नाही. आपल्या विहाराचा स्लॅब २०१४ च्या उन्हाळ्यात टाकायचा ठरला होता, तो एक वर्ष का लांबला? आजच्या तरुण पोरांना ते ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतला एक अपराधी मीच आहे. म्हणून आज मी गारपिटीवर बोलणार आहे.

२०१४ साल आठवा. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत सगळ्या महाराष्ट्रावर गारा आणि अवकाळी पाऊस पडत होता. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते, त्यातल्या २८ जिल्ह्यांना त्याचा फटका बसला. लातूर, उस्मानाबाद, बीड, नांदेड, हिंगोली आणि आपला परभणी, मराठवाडा तर पुरता झोडपून निघाला. एक दिवस पडून गेलं असं नव्हतं. आज या शिवारात, उद्या त्या शिवारात, असं पंधरा-वीस दिवस चाललं होतं. रोज दुपार झाली की माणसं आभाळाकडं बघायची.

आपल्या ताडकळसला ते आलं ते असंच एका दुपारी. ऐन सुगीचे दिवस. ज्वारी काढणीला आलेली, काहींची काढून खळ्यावर पडलेली. हरभरा उपटून ढीग लावलेले. गहू ओंबीत भरलेला. ज्यांची हळद होती त्यांनी ती शिजवून वाळत घातलेली. सकाळपासून अंगाची लाही होत होती आणि वारं अगदी पडलेलं. मी शाळेतून येत होतो. वेशीजवळ एक म्हातारे काका मला म्हणाले, "गुरुजी, ढग बगा कसा हिरवट दिसायलाय. हे पाणी न्हवं, हे दगड हायेत." मी हसलो. शिकलेल्या माणसाला हसू लवकर येतं.

अर्ध्या तासात अंधारून आलं. आधी वावटळ आली, तिनं घरावरचे पत्रे उचलले. मग टपोरे चार थेंब, आणि मग पत्र्यावर कोणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज. बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. पहिल्यांदा बोराएवढ्या गारा, नंतर लिंबाएवढ्या. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, पण त्या दिवशी कोणालाही विचारा, तो दोन तास सांगेल.

आपल्या वस्तीत तेव्हा निम्म्याहून जास्त घरं पत्र्याची. आणि पत्रेही कसले? जुने, गंजलेले, वर दगड ठेवून दाबलेले. वाऱ्यानं दगडासकट पत्रे घरात पडले. आमच्या शेजारच्या मावशींनी दोन नातवंडं लाकडी बाजेखाली घातली आणि वर स्वतः वाकळ घेऊन बसल्या. त्यांच्या पाठीवर आठ दिवस काळेनिळे वळ होते. शेतात हरभरा उपटायला गेलेल्या बायांनी डोक्यावर पाट्या आणि घमेली धरली. एकजण मला नंतर म्हणाली, "घमेल्याला पोचे पडले गुरुजी, मपलं डोकं राह्यलं." झाडाखाली दोन शेळ्या मेल्या. त्या घराचं बँकेतलं खातं म्हणजे त्या दोन शेळ्याच होत्या.

पाऊस थांबल्यावर बाहेर आलो तर सगळं पांढरं. लेकरं गारा वेचून तोंडात घालायला लागली, हसायला लागली. मोठी माणसं मात्र एक शब्द बोलेनात. ज्वारीची ताटं मोडून आडवी, गहू झोपलेला, हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात. कडबा भिजून काळा पडणार हे दिसतच होतं. आंब्याचा मोहर जमिनीवर. सकाळी लिंबाच्या झाडाखाली पोपट, कावळे, बगळे मरून पडलेले. पाखरांचं कोणी पंचनामा करत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

ती रात्र वस्तीनं शाळेच्या स्लॅबच्या दोन खोल्यांत काढली. विहारात का नाही? कारण विहारावरही तेव्हा पत्रेच होते आणि त्यातले चार उडाले होते.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री शाळेच्या खोलीत एक बोलणं निघालं. एकजण म्हणाला, "गावात पाप लई झालंय, म्हणून हे." दुसरा म्हणाला, "आपल्याच नशिबात वाईट लिहिलंय." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली ही माणसं, पण घर उडालं की जुनं बोलणं तोंडात येतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझी आजी गारा सुरू झाल्या की विळा अंगणात फेकायची, लोखंड बघून गारा थांबतात म्हणून. आणि गारा थांबायच्याच, कारण त्या पंधरा मिनिटांच्या वर सहसा पडतच नाहीत!

वऱ्हाड-नागपूरकडं तर पूर्वी गारपगारी नावाचा गावचा एक सेवकच असे. गारा गावावरून परतवून लावणं हे त्याचं काम. ढग आला की त्यानं मारुतीपुढं जाऊन मंत्र म्हणायचे आणि त्याबद्दल गावानं त्याला सुगीत धान्य द्यायचं. इंग्रजांच्या काळातल्या जाती-जमातींच्या पुस्तकांत त्याची सविस्तर नोंद आहे. गारा पडल्या नाहीत तर श्रेय त्याचं, पडल्या तर दोष त्याचा. ढगाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तथागतांनी या बाबतीत काय सांगितलं ते आपण ध्यानात घेतलं पाहिजे. संयुक्त निकायात सीवक सुत्त आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो, माणसाला जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, ते बरोबर आहे काय? भगवंत ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात अशी कारणं ते एकेक करून सांगतात, आणि त्यात ऋतूमध्ये होणारा बदल हे एक स्वतंत्र कारण म्हणून सांगतात. सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक चुकतात, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे. तेव्हा गारपिटीत घर पडलेल्या बाईला "तुझं कर्म" म्हणणं हे धम्माला धरून नाही.

मग कारण काय? अगदी सोप्या भाषेत सांगतो, लेकरांनीही ऐकावं. मार्चमध्ये जमीन तापते. तापलेली हवा वर चढते. समुद्राकडून ओलसर वारं आलेलं असतं आणि त्याच वेळी उत्तरेकडून, पश्चिमी विक्षोभ म्हणतात त्याच्यामुळं, वरच्या थरात थंड हवा येते. खाली गरम ओली आणि वर थंड, अशी गाठ पडली की ढग उभा वाढतो, दहा-बारा किलोमीटर आणि त्याहूनही उंच. आपल्याकडं या दिवसांत चार-साडेचार किलोमीटरच्या वर गोठण्याइतकी थंडी असते. वर चढणारं वारं पाण्याचे थेंब त्या थंडीत नेतं. तिथं बर्फाचा कण तयार होतो, त्याच्यावर आणखी पाणी गोठत जातं. वारं जोपर्यंत त्याला तोलून धरतं तोपर्यंत तो मोठा होत जातो. वजन पेलवेनासं झालं की खाली येतो. म्हणून मोठी गार फोडून बघितली तर कांद्यासारखे थर दिसतात. लिंबाएवढी गार ताशी ४० ते ६० किलोमीटर वेगानं येऊन आदळते, म्हणजे एसटीच्या वेगानं! पत्र्याला भोक पडतं ते यामुळं.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असंही नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणं गारपिटीत सर्वांत जास्त माणसं दगावली ती आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ, ३० एप्रिल १८८८ रोजी. २४६ माणसं गेली. आणि सर्वांत जड गार नोंदली गेली ती बांगलादेशातल्या गोपालगंजला, १४ एप्रिल १९८६ रोजी. आपण इकडं बाबासाहेबांची जयंती साजरी करत होतो त्याच दिवशी तिकडं १ किलो २० ग्रॅमची गार पडली. त्या गारपिटीत ९२ माणसं मेली.

तेव्हा गार पडते ती निसर्गनियमानं, ती जात बघत नाही हे खरं. परंतु गार ज्याच्यावर पडते तो माणूस कुठं राहतो, त्याच्या डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा, आणि पडल्यानंतर त्याचं नाव कोणत्या कागदावर आहे, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसांनी ठरवलेलं आहे. माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा इथून सुरू होतो.

त्या वर्षी ५ मार्चला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. मदत जाहीर करायलाही निवडणूक आयोगाची परवानगी लागली. मार्चमध्येच राज्य सरकारनं चार हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार, फळबागेला २५ हजार. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून पंचनामे करू लागले. ज्यांचा सात-बारा होता त्यांची नावं लागली. पुरेसं मिळालं नसेल, उशिरा मिळालं असेल, पण यादीत नाव तरी होतं.

आपल्या वस्तीतल्या किती जणांचं नाव सात-बाऱ्यावर होतं? हाताच्या बोटांवर मोजावे इतके. कोणी बटईनं जमीन केलेली. बी-खत त्याचं, राबणूक त्याची, पण कागद मालकाचा. काही मालकांनी निम्मे पैसे आणून दिले, त्यांना मी आजही मानतो. बाकीच्यांनी दिले नाहीत आणि मागायला कोणता आधारही नव्हता. कोणी सालगडी. आणि बाया तर रोजानं काढणीला जाणाऱ्या. सुगीत पेंढ्या आणि पायलीनं जी ज्वारी घरात येते ती पावसाळ्यापर्यंत पुरते. ज्वारीच राहिली नाही तर काढणार काय आणि मिळणार काय? शेतकऱ्याचं पीक गेलं हे सगळ्यांना दिसलं. मजुराचं काम गेलं त्याचा पंचनामा कशावर करणार?

आणि तिसरे गायरानवाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. आपली माणसं त्यासाठी तुरुंगात गेली. मराठवाड्यात कितीतरी कुटुंबांनी गायरानाचे माळ फोडून जमीन केली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १९९१ ला शासन निर्णय निघाला की, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अशी अतिक्रमणं नियमित करावीत. कागदावर फार चांगला निर्णय. परंतु कितीतरी घरांचं नाव अजून सात-बाऱ्यावर चढलेलं नाही. माझ्या आईनं अशाच एका तुकड्यावर तीस वर्षं दगड वेचले. त्या वर्षी तिथं हरभरा होता. पंचनाम्याला माणसं आली, बांधावर उभी राहिली, हळहळली आणि पुढच्या वावरात गेली. आई म्हणाली, "दादा, गार हिकडं बी पडली की!" तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "माय, दिसतंय मला. पण लिहू कोणाच्या नावावर?"

मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. चार खेपा घातल्या. "नियमात बसत नाही" एवढंच उत्तर. मी गुरुजी, लोकांचे अर्ज लिहून देणारा, आणि माझ्याच आईचा अर्ज मला चालवता आला नाही.

आता स्लॅबची गोष्ट. गारपिटीनंतर आठ दिवसांनी विहारात बैठक झाली. विहाराच्या स्लॅबसाठी तीन वर्षांपासून वर्गणी गोळा करून लाखाच्या वर पैसे जमले होते आणि ते माझ्याकडं, कोषाध्यक्ष म्हणून. कोणीतरी सुचवलं की, या पैशातून ज्यांची घरं उघडी पडलीत त्यांना पत्रे घेऊन द्यावेत. मी उभा राहिलो आणि विरोध केला. म्हणालो, हा धम्मदानाचा पैसा आहे, तो दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही. आज वाटला तर पुन्हा जमणार नाही. शासन देईलच की. माझं बोलणं कायद्यानं बरोबर होतं. दोन-चार शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या.

तेव्हा मागं बसलेल्या एक वयस्कर उपासिका उठल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलेली बाई, सही येत नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, म्या बी त्याच्यात पाचशे दिलेत. कापूस येचून दिलेत. बुद्धाच्या डोक्यावर पत्रा नसला तर ते वर्षभर बसतील की, त्यायनी सहा वर्सं रानात काढली. ही बाळंतीण कुठं बसंल, ते सांगा." आमच्या गल्लीत एक पोरगी बारा दिवसांची बाळंतीण होती. घरावर ताडपत्री बांधून राहत होती.

सभा गप्प झाली. मीही गप्प झालो. खरं सांगतो, मला त्या वेळी रागच आला होता, समजलं नंतर. हात वर करून ठराव झाला. वस्तीतल्या ज्या घरांना कोणत्याच यादीत जागा नव्हती त्यांना पत्रे, बल्ल्या आणि खिळे द्यायचे. परभणीहून टेम्पो भरून माल आणला. पोरांनी श्रमदान करून दहा दिवसांत घरं झाकली. पैसे जवळजवळ संपले. स्लॅब राहिला.

पण पत्रे कोणाला द्यायचे हे ठरवायला यादी लागली आणि त्या यादीतून ही वही तयार झाली. ही बघा, माझ्या हातात आहे, कोपरे झिजलेत. यात रकाने असे आहेत: घर कोणाचं, छप्पर कसलं, जमीन स्वतःची, बटईची, गायरान की नाहीच, जनावरं किती, घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, अपंग कोण. शासनाच्या यादीत जे बसत नव्हते त्यांची ही यादी. एक प्रत आम्ही अर्जासोबत दिली. त्यातल्या थोड्यांना घरपडीची मदत मिळाली, बहुतेकांना मिळाली नाही. परंतु पुढच्या वर्षी वर्गणी मागायला निघालो तेव्हा काय झालं? ज्या घरांवर पत्रे चढले होते त्यांनी पहिली पावती फाडली. एका वर्षात मागच्यापेक्षा जास्त रक्कम जमली आणि स्लॅब झाला. आज आपण ज्या स्लॅबखाली बसलोत तो असा झाला. "पुन्हा जमणार नाही" हे माझं वाक्य खोटं ठरलं, याचा मला आनंद आहे.

त्यानंतरही गारा थांबल्या नाहीत. २०१८ च्या फेब्रुवारीत पडल्या, २०२३ च्या मार्चमध्ये पडल्या. नियम मात्र बदलत गेले, ते माहीत पाहिजेत. २०१५ पर्यंत मदतीसाठी ५० टक्के नुकसान लागायचं, त्या वर्षी ते ३३ टक्क्यांवर आणलं. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीचा समावेश झाला, ७२ तासांत कळवायची अट होती. पुढं २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यानं भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठेवली. म्हणजे शेजाऱ्यानं मागं काय केलं ते ऐकून चालायचं नाही, दर हंगामाला नव्यानं चौकशी करावी लागेल.

वेळ झाला आहे. जाता जाता चार कामं सांगतो.

पहिलं, आभाळ गडगडलं की झाडाखाली उभं राहू नका. गार परवडली, वीज परवडत नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, ते विजेची सूचना देतं. पोरांनी घरातल्या मोबाईलवर घालून द्यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो, तो वस्तीच्या फळ्यावर लिहावा. ऑरेंज इशारा असेल त्या दिवशी बायांनी शेतावर जाताना मुकादमाला आधीच विचारावं, आसरा कुठं आहे?

दुसरं, पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका. हूक घालून बल्लीला आवळून बसवा. उडालेला पत्रा गारेपेक्षा वाईट.

तिसरं, बटईचा करार कागदावर करा. साध्या का होईना, पण लिहून दोन साक्षीदार घ्या. गायरानवाल्यांनी जुन्या दंडाच्या पावत्या, पीक पाहणीचे उतारे, जे असेल ते जपून ठेवा. माझ्या आईकडं पावत्या होत्या, त्या गारपिटीच्या रात्री भिजून लगदा झाल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या असत्या तर! एवढी साधी गोष्ट गुरुजीच्या घरात झाली नाही.

चौथं आणि महत्त्वाचं, ही वही. ती आता माझ्याकडून उतरवून तरुणांच्या हाती द्यायची आहे. दरवर्षी वर्षावासात वस्तीत फिरून ती ताजी करावी. नवीन लग्न झालेली, बाहेरगावाहून आलेली, एकट्या राहणाऱ्या बाया, कोणी सुटू नये. आपल्या वस्तीतच नव्हे, शेजारच्या पारध्यांच्या पालावर, मातंग वस्तीतही जावं. गार जात बघत नाही म्हणतो ना आपण? मग वहीनंही बघू नये.

ती उपासिका आज आपल्यात नाही. माझी आईही नाही. आईच्या नावावर तो तुकडा शेवटपर्यंत झाला नाही. परंतु या वहीत पहिल्या पानावर, सातव्या ओळीत, तिचं नाव आहे आणि पुढं लिहिलंय: गायरान, हरभरा, पूर्ण नुकसान. नोंद खरी आहे. कुठंतरी ती लिहिली गेली, हे तिला मी वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं बाबा."

एवढं बोलून मी माझे शब्द संपवतो. वही घ्यायला कोण पुढं येतंय, ते कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!